सोंग, ढोंग आणि रंग

"सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं," ही म्हण संसाराच्या ओढगस्तींत आपण सारेच वापरतों. तिच्या उत्तरार्धाचा अनुभव ज्यास नाहीं असा मध्यमवर्गीय गृहस्थ विरळा; पूर्वार्धाकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सगळीं सोंगें आणतां येतात, हें आपल्या समाजानें किती सहजपणें गृहीत धरलें आहे! देवाचें, राक्षसाचें, राजाचें, राणीचें, वाघाचें, फौजदाराचें अशीं नाना सोंगें आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या आणलीं गेलीं. आणि त्यांस लागणारें भांडवल काय, तर चुलींतली राख, दिव्याचें काजळ, ओढ्याकांठची माती, थोडा गेरू आणि चिमूटभर हळद.

परंतु याच आपल्या भाषेंत सोंगाला एक बदनामीही चिकटली आहे. "हें सारें सोंग आहे" असें आपण रागानें म्हणतों, तेव्हां आपणांस ढोंग म्हणावयाचें असतें. सोंगढोंग हा जोडशब्द इतका रूढ झाला आहे कीं, त्यांतील दोन पदें एकमेकांचीं वैरी आहेत याचा आपणांस विसर पडला आहे. आमच्या मतें त्यांतील भेद असा: सोंग आपण होऊन सांगतें कीं, मी सोंग आहें. त्याचा आरंभ सर्वांदेखत होतो आणि शेवटही सर्वांदेखत होतो. ढोंगाला आरंभ दाखवावयाचा नसतो, आणि शेवट तर त्याला नकोच असतो. चेहऱ्यास रंग लावण्याच्या चालीचा इतिहास हा बऱ्याच अंशीं या भेदाचा इतिहास आहे. आणि यवतमाळसारख्या, नाट्यसृष्टीच्या राजधान्यांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांत तो जितका स्पष्ट वाचतां येतो तितका पुण्यामुंबईस येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हा भेद जुन्या ग्रंथकारांस नीट ठाऊक होता. भरताच्या नाट्यशास्त्रांत आहार्य अभिनयाचें स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार भाग पाडले असून, अंगरचनेच्या सदरांत पांढरा, निळा, पिवळा व तांबडा हे चार मूळ रंग आणि त्यांच्या मिश्रणांतून होणारे उपरंग सांगितले आहेत. कोणत्या देवतेस व कोणत्या प्रदेशांतील माणसास कोणता रंग द्यावा, याचे तेथें नियम आहेत. पण या तपशिलापेक्षां महत्त्वाचा तेथील एक दृष्टान्त आहे. जीव एक देह टाकून दुसऱ्या देहांत शिरला म्हणजे जसा त्या दुसऱ्याचा स्वभाव धारण करतो, तसें रंगानें व वेषानें झांकलेल्या नटानें आपला स्वभाव सोडून पात्राचा स्वभाव घ्यावा, असा त्याचा आशय. म्हणजे रंग हा लपण्याचा पडदा नव्हे. ती दुसऱ्या जन्मांत शिरण्याची वेस आहे. पुढें शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं पूर्ण झालेल्या आपल्या गीताटीकेंत ज्ञानेश्वरांनीं तिसऱ्या अध्यायावर लिहितांना बहुरूप्यांचा दाखला दिला. राजाराणीचें सोंग आणणाऱ्या बहुरूप्यांच्या मनांत स्त्रीपुरुषभाव नसतो, तरी लोकांपुढें तें सोंग ते बिनचूक वठवितात. ज्ञानी पुरुषाचें कर्म तसेंच. अध्यात्माची अवघड गोष्ट समजावून सांगतांना त्यांना गांवोगांव फिरणारा हा रंगलेला माणूस आठवावा, ही त्या माणसाची केवढी प्रतिष्ठा!

ग्रंथांतला हा विचार आमच्या जिल्ह्यांत ग्रंथावांचून नांदत आला आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. पलीकडे आदिलाबादचा मुलूख लागतो. तो आधीं निजामाच्या राज्यांत होता, मग आंध्र प्रदेशांत गेला, आणि २०१४ पासून तेलंगणांत आहे. नकाशावरील सीमा अशा बदलल्या, तरी दोन्ही तीरांवरील गोंड व कोलाम वस्त्यांचें सोयरिकीचें जाळें नदीनें तोडलेलें नाहीं. केळापूर, झरी-जामणी, मारेगांव, घाटंजी या भागांतील गांवांतून दिवाळीच्या सुमारास दंडार उभी राहते, आणि त्या दंडारींत घुसाडी नाचतात.

घुसाडी कोणास म्हणतात? गांवांतलाच एखादा तरुण, जो एरव्हीं कापसाच्या रानांत राबतो, त्या दिवसांपुरता घुसाडी होतो. सर्वांगास राख फासलेली, तिच्यावर काळे ठिपके व रेघा, डोक्यावर मोरपिसांचा भला थोरला मुकुट, कधीं त्यास जोडलेलीं शिंगें, खोट्या दाढीमिशा, खांद्यावर कातडें, गळ्यांत कवड्यांच्या व मण्यांच्या माळा, कमरेस व पायांत घुंगरें, हातांत काठी. सोंग म्हणून पाहिलें तर तें भयंकर आणि गमतीदार दोन्ही आहे. घुसाडी लोकांस हंसवितो, थट्टाही करतो. परंतु गांवाच्या दृष्टीनें त्या दिवसांत तो देवाचा माणूस असतो. उत्सव संपेपर्यंत तो स्नान करीत नाहीं. त्याच्या काठीचा स्पर्श झाला तर दुखणें जातें, अशी श्रद्धा आहे. एका गांवची दंडार दुसऱ्या गांवीं पाहुणी जाते. यजमान गांव तिचें स्वागत करून तिला जेवूं घालतें. याच भेटींत सोयरिकींच्या गोष्टीही निघतात. अखेरच्या दिवशीं मुकुट व वाद्यें उतरवून त्यांची पूजा होते, राख धुतली जाते, आणि दुसऱ्या दिवशीं तोच तरुण पुन्हां आपल्या रानांत दिसतो.

या चालीचा अभ्यास ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीं १९४० नंतरच्या दशकांत आदिलाबादच्या राजगोंडांमध्यें राहून केला व १९४८ सालीं त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुक्काम ज्या मारलवाई गांवीं होता, त्याच गांवचे कनक राजू यांनीं पुढें आयुष्यभर घुसाडी नृत्य तरुणांस शिकविलें. त्यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. शासनानें केलेला हा सन्मान योग्यच होय. पण आम्हांस जें सांगावयाचें आहे तें निराळें. घुसाडीच्या सोंगांत मोरपिसांहून मोलाची वस्तु त्याची मुदत ही आहे. देवत्व त्याला मिळतें तें मोजक्या दिवसांचें. गांव तें देतें आणि गांवच तें परत घेतें. राखेचा रंग पाण्यानें धुतला जातो, ही केवळ सोय नसून त्या साऱ्या व्यवस्थेचें मर्म आहे.

हा नियम एकट्या गोंडांचा नव्हे. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत बोहाडा होतो. तेथें रंगाऐवजीं रंगविलेले मुखवटे असतात. अनेक सोंगांचे मान ठराविक घराण्यांकडे चालत आलेले असतात, आणि अखेरच्या रात्रीं जगदंबेनें महिषासुरास मारलें म्हणजे उत्सव संपतो. ज्याच्या तोंडावर महिषासुर चढला तो सकाळीं कोणाचा वैरी राहत नाहीं. कोंकणांतील दशावतारांत नट आपला चेहरा आपल्याच हातानें रंगवितो आणि देवळापुढें रात्रभर राजा होऊन पहांटे आपलें गांठोडें बांधतो. एवढ्या दूरच्या या तीन मुलखांनीं सोंगाला आरंभ आणि शेवट मात्र सारखाच नेमून दिला, ही लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

उत्सवाबाहेरचें सोंग म्हणजे बहुरूपी. १९१६ सालीं रसेल व हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जे चार खंड प्रसिद्ध केले त्यांत बहुरूप्यांवर स्वतंत्र टिपण आहे. पण आमच्या वाचकांतील वडील मंडळींस त्यासाठीं पुस्तक उघडावयास नको. दारांत खाकी वेषांतला हवालदार उभा राहतो, "तुमच्यावर वॉरंट आहे" म्हणून दरडावतो, घरांतलीं मुलें भेदरतात, आणि मग वॉरंटांतील कलमें ऐकतां ऐकतां सारें घर हंसूं लागतें. या खेळाचें शास्त्र बारकाईनें पाहण्यासारखें आहे. बहुरूप्याचें बिंग फुटलें नाहीं तर त्याला बिदागी मिळत नाहीं. क्षणभर फसविणें ही त्याची कला, पण फसवणूक उघड करणें ही त्याची उपजीविका. खोटा हवालदार आणि तोतया हवालदार यांत एवढेंच अंतर आहे, आणि तें केवढें मोठें आहे!

पण ही कला चालण्यास समोरचा समाजही जाणता लागतो. आपल्या दारीं येणाऱ्या भटक्यांचे वेष आणि त्यांचे अर्थ ज्यास कळतात, तोच त्यांस हंसून धान्य घालतो. ही ओळख मावळली म्हणजे काय होतें, तें १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें दिसलें. भिक्षेकरितां फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच माणसें मुलें पळविणारीं समजून जमावानें ठार केलीं. ते बहुरूपी नव्हते, सोंगही आणलेलें नव्हतें. त्यांच्या अंगावर त्यांचाच वेष होता. तरीही तो वेष वाचतां येणारें कोणी तेथें उरलेलें नव्हतें. ज्या समाजास सोंग ओळखतां येत नाहीं त्याला खरा माणूसही ओळखतां येत नाहीं, हें याहून क्रूरपणें कोणास सांगतां येईल?

आतां रंगभूमीकडे वळूं. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, त्यांवरून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' केलें, हें सर्वश्रुत आहे. म्हणजे मराठी रंगभूमि जन्मली तीच मुळीं लोकांच्या उत्सवी खेळांतून. त्या पौराणिक नाटकांत देवपार्टी, राक्षसपार्टी आणि स्त्रीपार्टी असे नटांचे तांडे असत, आणि तांबड्याकाळ्या रंगांनीं माखलेले राक्षस आरोळ्या ठोकीत रंगभूमीवर उडी घेत. उत्सवांतला रंग असा नाटकगृहांत आला. पण येतांना त्याचें एक लक्षण बदललें. उत्सवांतला माणूस वर्षांतून मोजके दिवस रंगे. नाटकमंडळींतला नट बारा महिने रंगूं लागला.

या फरकाची किंमत त्याच्या कातडीनें मोजली. राख, गेरू, हळद व काजळ हीं घरगुती द्रव्यें. पण दिव्यांच्या उजेडांत चेहरा उजळ दिसावा म्हणून जुन्या रंगपटांत सफेदा, मुरदाडशिंग, हिंगूळ, हरताळ यांचा भरणा झाला. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचें भस्म. सफेदाही पुष्कळदां शिशाचाच. हिंगुळांत पारा असतो, आणि हरताळांत सोमल. अशीं द्रव्यें रोज तासन्‌तास तोंडावर ठेवणें म्हणजे हळूहळू विष घेणेंच होय. युरोपांतही प्रकार निराळा नव्हता. तेथील नटनट्याही शिशाच्या पांढरीनें पोळत होत्या. १८७३ सालीं बर्लिन येथें लुडविग लाइश्नर या गायक नटानें शिशाविरहित, चरबींत घोटलेल्या रंगांचा कारखाना काढला, आणि त्याच्या रंगकांड्या जगभरच्या रंगपटांतून पसरल्या. आपल्या इकडेही पुढें ग्रीझपेंट आलें, खोबरेल तेलाचा बोळा लावून तें पुसण्याची रीत आली, आणि नटाचा चेहरा पुष्कळसा वांचला. रंगभूषेच्या इतिहासांत लोक नेहमी सौंदर्याची चर्चा करतात. नटाच्या आरोग्याची करावयास हवी.

तरीही रंगभूमीनें सोंगाची मूळ अट सोडली नाहीं. बालगंधर्व (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकेंत उभे राहिले म्हणजे प्रेक्षक देहभान विसरत, घरंदाज स्त्रिया त्यांच्या लुगडें नेसण्याच्या व दागिने घालण्याच्या तऱ्हा उचलीत. परंतु ते नारायणराव राजहंस आहेत हें थिएटरांतील लहान पोरासही ठाऊक असे. कोणी फसलें नाहीं, म्हणूनच सर्वांना आनंद झाला. पडदा पडणें हें रंगभूमीवरचें स्नानच होतें, असें म्हटलें तरी चालेल. शिवाय बालगंधर्वांच्या सोंगांत स्त्रीची टवाळी नव्हती. पुरुषानें स्त्रीचें सोंग घ्यावें आणि स्त्रियांनीं त्यांत आपली प्रतिमा पाहून मान डोलवावी, ही सोंगाची सर्वांत कठीण परीक्षा. ती ते उतरले.

यापुढची गोष्ट उलट्या प्रवाहाची आहे. ज्या उत्सवांतून रंग नाटकांत गेला होता, त्या उत्सवांत तो नाटकांतून परत आला. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, मेळे निघाले, आणि वेष करून, तोंडाला पावडर लावून मुलें गाऊं लागलीं. विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा भरतो. लाकडी बैल ओढीत निघालेलीं बालकें आतां शिवाजी, झांशीची राणी, शेतकरी, वासुदेव होऊन मिरवतात. यवतमाळचा दुर्गोत्सव तर प्रसिद्धच आहे. तेथील देखाव्यांसाठीं गांवोगांवचे लोक रात्रीं लोटतात. शाळांच्या स्नेहसंमेलनांत रंगभूषा नाहीं असें संमेलन आतां सांपडावयाचें नाहीं. या साऱ्यांत वाईट कांहींच नाहीं. मुलाच्या ओठावर काजळाची मिशी उमटली कीं त्याची चाल बदलते, छाती पुढें येते, आवाज घुमूं लागतो. भरताचा तो देहान्तराचा दृष्टान्त पांच वर्षांचें पोर आपल्या डोळ्यांपुढें सिद्ध करून दाखवितें.

मात्र एका सोंगापाशीं आमचें मन अडतें. आपल्या संमेलनांतून "आदिवासी नृत्य" म्हणून जें दाखविलें जातें तें वाचकांनीं पाहिलें असेल. गोऱ्यागोमट्या मुलांच्या अंगाला काळा रंग फांसतात, कमरेस झाडपाला गुंडाळतात, डोक्यांत कोंबड्याचें पीस खोंवतात, हातांत पुठ्ठ्याचा भाला देतात, आणि सिनेमांतून उचललेल्या निरर्थक आरोळ्या ठोकावयास लावतात. टाळ्या पडतात, फोटो निघतात. हें सोंग कोणाचें? गोंडाचें नव्हे, कोलामाचें नव्हे. या जिल्ह्यांत, या देशांत असा माणूस कोणी कधीं पाहिलेला नाहीं. आणि ज्या तालुक्यांत हा खेळ होतो, त्याच तालुक्यांत वीसपंचवीस कोसांच्या आंत घुसाडी खरोखर नाचत असतो, आणि तो काळा रंग फांसून कोणास भिववीत नाहीं. राख लावून देव होतो. याहून दुःखाची गोष्ट ही कीं, त्याच शाळेंत, पुढच्या रांगेंत गोंडाचें किंवा कोलामाचें पोर बसलेलें असतें. आपल्या आजाची राख आणि मोरपिसें त्याला ठाऊक असतात. पण टाळ्या पडतात त्या काळ्या रंगाला. त्याच्या मनांत काय होत असेल, याचा विचार कार्यक्रम बसविणाऱ्यांनीं एकदां तरी करावा.

आम्ही सोंगाला सोंग आणि ढोंगाला ढोंग म्हणण्याचा जो नियम वर काढला, त्यास लावून पाहिलें तर हा प्रकार ढोंगाच्या पदरांत पडतो. त्यास आरंभ दिसतो, अंत दिसत नाहीं. तोंडावरचा काळा रंग रात्रीं साबणानें निघतो. परंतु पाहणाऱ्यांच्या मनांत आदिवासी म्हणजे असा, ही जी आकृति उमटते ती धुण्यास पुढें कोणी पाणी घेऊन येत नाहीं. मोठेपणीं तींच मुलें तहसिलींत, इस्पितळांत, बँकेंत खुर्चीवर बसतात, आणि समोर उभ्या असलेल्या कोलाम स्त्रीच्या जागीं त्यांना तो पुठ्ठ्याचा भाला दिसूं लागतो. बहुरूपी आपलें बिंग स्वतः फोडतो. या सोंगाचें बिंग फोडणारा कोणीच नाहीं.

म्हणून सोंगें बंद करा, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उलट अधिक आणा, पण जाणून आणा. मुलास वासुदेव करावयाचा असेल तर मोरपिसांची टोपी घालण्यापूर्वीं वासुदेव पहांटे काय करतो तें त्यास सांगावें. घुसाडी दाखवावयाचा असेल तर पांढरकवड्याकडील एखाद्या दंडारीच्या जाणत्या माणसास बोलवावें, त्याची अनुमति घ्यावी, जें देवाचें आहे व दाखवूं नये असें तो म्हणेल तें दाखवूं नये, आणि त्याला व्यासपीठावर खुर्ची द्यावी. रंग घेतांना तो मुलाच्या कोवळ्या कातडीस सोसणारा आहे कीं नाहीं तें पाहावें. मुरदाडशिंगाचे दिवस गेले, तरी बाजारांतील स्वस्त चमकी व रंग निर्धोकच असतात असें नाहीं. आणि सर्वांत शेवटीं, ज्याचें सोंग आहे तो माणूस पहिल्या रांगेंत बसला आहे असें समजून तें बसवावें. तो हंसला तर सोंग साधलें. त्यानें मान खालीं घातली तर साधलें नाहीं. याहून निराळी परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं.

कार्यक्रम संपल्यावर आई मुलास मोरीवर नेऊन त्याच्या गालांवरचा रंग पुसूं लागते, तेव्हां मूल कुरकुरतें. त्याला अजून थोडा वेळ राजा राहावयाचें असतें. त्या वेळीं दोन शब्द त्याच्याशीं बोलावेत. तूं आज ज्याचें सोंग घेतलेंस तो कोण, तो कोठें राहतो, त्याच्या घरीं काय शिजतें, हें त्याला विचारावें, आणि ठाऊक नसेल तर आपण सांगावें. पैशाचें सोंग आणतां येत नाहीं हें तें पुढें आपोआप शिकेलच. बाकीचीं सोंगें कशीं आणावींत आणि कशीं उतरवावींत, हें मात्र आपणांसच शिकवावें लागेल.